पोटरीचं माप

माझ्या डाव्या पोटरीतली शीर पहिल्यांदा उडाली तेव्हा मी एका निवृत्त सुभेदारांच्या सफारीला बाही जोडत होतो. मशीन थांबवलं, लेंग्याचा पाय वर केला आणि बघतो तर कातडीखाली काहीतरी टुकटुक हलतंय. बोट ठेवलं की थांबायचं, बोट काढलं की पुन्हा सुरू. गंमत वाटली. बायकोला दाखवावं म्हणून हाक मारणार होतो, पण आम्ही त्या दिवशी बोलत नव्हतो. का, ते आता आठवत नाही. बहुधा इस्त्रीवरून असेल. मी चिडका माणूस आहे आणि इस्त्री हा माझा जुना विषय आहे.

आमचं शिवणकामाचं दुकान कोरेगावच्या बाजारपेठेत आहे. वडिलांनी, म्हणजे आबांनी, ते सुरू केलं. काम फक्त पुरुषांच्या कपड्यांचं: शर्ट, पँट, सफारी, लेंगे. आबांनी पंचाहत्तरी ओलांडली, हात थांबले, पण रोज सकाळी दहाला येऊन ते दारातल्या खुर्चीवर बसतात, पेपर वाचतात आणि आलेल्या गिऱ्हाइकाला माझ्या शिलाईतल्या चुका दाखवतात. त्यांनी दुकानाला एक नियम घालून दिला होता. कटिंगच्या टेबलाशी एकच मास्तर उभा राहणार. कात्री एका हाताला बसते, दुसऱ्या हातात गेली की तिची धार फिरते, असं त्यांचं म्हणणं. ते कापत होते तोवर मला त्यांनी कापू दिलं नाही, आणि मी कापायला लागलो त्या दिवसापासून त्यांनी कात्रीला हात लावला नाही.

बायको सांगली जिल्ह्यातली, कडेगावकडची. लग्न होऊन आली तेव्हा तिला ब्लाउज उत्तम शिवता येत होते. आमच्या दुकानात ब्लाउज शिवत नाहीत, म्हणून ती काजं करायला बसली. काजं, बटणं, तुरपाई, इस्त्री. अठरा वर्षं. टेबल तिच्या जागेपासून चार पावलांवर होतं आणि त्याचा आम्ही दोघांनी कधी विषय काढला नव्हता. त्यात विषय काढण्यासारखं काही आहे असं मला वाटलंही नव्हतं.

शीर दुसऱ्या दिवशीही उडाली. मग उजव्या पोटरीत, मग मांडीत, मग डोळ्याच्या पापणीत. पापणीवर आबा खूश झाले. "उजवा डोळा हाय न्हवं? मग चांगलंच हाय," म्हणाले आणि पेपर पुढं वाचू लागले. पण एक दिवस कापडावर खडूनं रेघ ओढताना अंगठ्याच्या बुडाशी तेच सुरू झालं. अंगठा आपला आपण आत-बाहेर व्हायला लागला. मी खडू खाली ठेवला आणि हात खिशात घातला. अंगठ्याचं मी कुणाला सांगितलं नाही. आमचं घर त्याच्यावर चालतं.

मग मी फोन काढला. शीर का उडते, असं विचारलं. सुरुवातीला बरी उत्तरं आली: चहा फार होतो, झोप कमी पडते, काळजी, थकवा. तिथं थांबलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती. पण मी खाली खाली जात राहिलो आणि एका आजारापाशी येऊन पोचलो. मेंदूतून स्नायूंकडे जाणाऱ्या नसा सुकत जातात. आधी हात-पाय बारीक होतात, मग बोलणं जातं, मग गिळणं. डोकं मात्र शेवटपर्यंत शाबूत राहतं. त्या आजाराचं इंग्रजी नाव मी तीन वेळा वाचलं आणि नंतर कधी तोंडातून काढलं नाही, आजही काढत नाही. तो फार विरळा आहे असंही तिथं लिहिलं होतं. मी म्हटलं, विरळा असला तरी कुणाला तरी होतच असणार, आणि कोरेगावात व्हायचा तर तो मलाच.

त्यानंतरचे दोन महिने मी कसे काढले ते आता सांगताना हसू येतं. तेव्हा येत नव्हतं. दुकानामागच्या बोळात मी टाचांवर चालून बघायचो, मग चवड्यांवर. शेजारच्या भांड्यांच्या दुकानदारानं एकदा पाहिलं. "काय मास्तर, तमाशात काम धरलंसा काय?" मी त्याच्यावर असा खेकसलो की तो आठ दिवस माझ्याकडं फिरकला नाही. आरशात जीभ बाहेर काढून ती थरथरते का ते बघायचो. सुईत दोरा ओवायला पूर्वी एक खेप पुरायची, आता चार लागत होत्या. हातातली ताकद चालली, असं मी धरून चाललो. माझं वय तेव्हा त्रेचाळीस होतं आणि चष्म्याचा विचार माझ्या मनात चुकूनही आला नव्हता.

स्नायू झिजतात हे वाचल्यावर कुठलाही शिंपी जे करेल तेच मी केलं. माप घेतलं. दुपारी दुकान रिकामं असताना गळ्यातली टेप काढून पोटरीला लावली. साडेचौदा इंच. दंड बारा. मापाच्या वहीचं शेवटचं पान उघडलं आणि गिऱ्हाइकाच्या नावाच्या जागी नुसती रेघ मारून आकडे लिहिले. दोन दिवसांनी घरी, न्हाणीत, कडी लावून पुन्हा मोजलं. दुकानातली टेप दुकानातच होती, म्हणून आबांची जुनी टेप खिळ्यावर लटकलेली दिसली ती घेतली. पोटरी चौदा आली.

दोन दिवसांत अर्धा इंच. मी न्हाणीतल्या पाटावर बसून राहिलो. अर्ध्या इंचाची किंमत मला इतर कुणापेक्षा जास्त ठाऊक आहे. अर्ध्या इंचात शर्ट अंगात जात नाही. बायकोनं बाहेरून विचारलं, "आवं, पाणी गरम हाय न्हवं?" मी म्हटलं, आहे. माझा आवाज मलाच दुसऱ्याचा वाटला.

पुढं दिवसाआड माप घेत गेलो. दुकानात गिऱ्हाईक कधी दारात येईल याचा नेम नसतो, म्हणून न्हाणीतच. चौदा, मग पावणेचौदा, मग साडेतेरा. दंडसुद्धा बारावरून साडेअकरा. प्रत्येक आकडा वहीत उतरवला. लिहिणं सोडवत नव्हतं.

मरणाची भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू. पण त्याहून जास्त छळत होतं ते मागं राहणाऱ्यांचं. आबा म्हातारे. मुलगी साताऱ्याला कॉलेजात. माझ्यानंतर दुकानाचं काय? नुसत्या काजांवर दुकान चालत नाही, ते कटिंगवर चालतं. आणि कटिंग येणारा माणूस घरात मी एकटा, तोही साडेतेरा इंचांवर आलेला. बराच विचार करून मी ठरवलं की हात चालताहेत तोवर बायकोला कापायला शिकवायचं. का, ते तिला सांगायचं नाही.

एका दुपारी आबा जेवायला घरी गेल्यावर मी तिला हाक मारली.

"अगं, इकडं ये जरा."

"इस्त्री तापलीया."

"असू दे. बंद कर. हा खडू घे."

तिनं खडूकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, मग दारातल्या रिकाम्या खुर्चीकडं. आबांना ती मामा म्हणते. "मामास्नी कळलं तर?"

"आबा चारशिवाय येत नाहीत. दिवाळीत काम वाढतं, दोन हात असलेले बरे."

"मागच्या दिवाळीत काम कमी हुतं व्हय?" ती म्हणाली, पण पदर खोचून टेबलाशी आली.

मी चिडका आहे हे वर सांगितलंच. पण आपले दिवस मोजकेच उरलेत असं ज्याला वाटतं त्याला चिडणं परवडत नाही. मी तिला इतक्या हळुवारपणे शिकवलं की लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातही मी तिच्याशी तसं बोललो नसेन. रेघ चुकली तर म्हणायचो, असू दे, पुसून टाक. कापड जास्त गेलं तर म्हणायचो, जाऊ दे, माझंही जायचं. तिसऱ्या दिवशी तिनं खडू थांबवून माझ्याकडं निरखून पाहिलं.

"आवं, तुमास्नी बरं न्हाई का? लय गोड बोलताय."

"मग काय ओरडू?"

"तसं न्हवं. पर ओरडला तर मला कळतं कुठं चुकलं ते."

मग मी थोडं ओरडलो. तिला बरं वाटलं.

ती भराभर शिकली. ब्लाउज शिवणाऱ्या हाताला मुंढ्याचा बाक कळतोच, म्हणजे बाही जिथं जोडतात तो बाक. पण पाठीचं, कॉलरचं, खिशाचंसुद्धा तिला एकदा दाखवलं की पुरायचं. दुसऱ्या आठवड्यात त्या सुभेदारांचा शर्ट टेबलावर होता. मी दोन्ही खांदे आखले आणि ती मधेच म्हणाली, "ह्यांचा उजवा खांदा उतरलाय की. दोनी बाजू सारख्या का कापताय?"

"कुणी सांगितलं?"

"कुनी कशाला सांगाय पायजे? अठरा वर्षं तुमचं शर्ट इस्त्री करतीया मी. दुरुस्तीला परत आलेल्या शर्टावर चूण कुठं पडलेली असती, ते मलाच म्हाईत."

सुभेदार गेली दहा वर्षं कॉलर एका बाजूला ओढते म्हणून तक्रार करत होते आणि गेली दहा वर्षं मी त्यांना ताठ उभं राहायला सांगत होतो. लष्करात बावीस वर्षं काढलेल्या माणसाला! तिनं उजवा खांदा पाव इंच उतरता आखला. मी कापलं, मी शिवलं. सुभेदारांनी आरशासमोर उभं राहून मान दोन्हीकडं फिरवली आणि मला म्हणाले, "आज जमलं बघा तुमाला." मी पावती फाडली. ती आत मान खाली घालून बटण लावत होती, पण तिचे खांदे हसत होते.

मला ती त्या दिवसांत फार आवडली. अठरा वर्षं जुन्या नवऱ्यानं हे लिहावं की नाही ठाऊक नाही, पण आवडली. ओठांत टाचण्या धरून ती टेबलावर वाकायची, डावा डोळा बारीक करून रेघेवरून नजर फिरवायची, आणि कात्री चालवताना श्वास धरून ठेवायची. मी शेजारी उभा राहून बघायचो. त्या तासाभरात माझी शीर उडायची नाही. कदाचित उडतही असेल, माझं लक्ष नसायचं. मग तास संपायचा आणि हे सगळं सोडून जायचंय हे आठवायचं. मी उगाच तिच्यासाठी समोरून चहा मागवायचो आणि स्वतःही प्यायचो. दिवसाला दहा-अकरा चहा होत होते.

आबांना कळायचं ते कळलंच. एक दिवस ते तीनलाच आले. ती पँटचं कापड कापत होती, अर्ध्यावर आली होती, थांबणं शक्य नव्हतं. आबा दारात उभे राहिले. मी शब्द जुळवत होतो तेवढ्यात ते म्हणाले, "पोरी, कात्री उचलू नगंस. खालचं पातं टेबलाला घासत ने." तिनं तसं केलं. कापड शेवटपर्यंत सरळ सुटलं. आबा खुर्चीवर बसले आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "ह्येला ह्ये सांगून सांगून थकलो हुतो मी."

त्यानंतर आठवड्याभरात सगळं उघडं पडलं. तिला सरावासाठी मापं हवी होती म्हणून ती वही चाळत बसली होती. मी मशीनवर होतो.

"आवं, ह्ये कोण गिऱ्हाईक हाय?"

"कुठलं?"

"शेवटच्या पानावरचं. नाव न्हाई. नुसती पोटरी आन दंड. चुडीदार शिवायचाय व्हय कुणाला?" पान तिनं जवळ धरलं. "आन दिवसाआड माप घेतलंय. आवं, ह्ये गिऱ्हाईक तर बारीक व्हत चाललंय!"

मी मशीन थांबवलं नाही. कापड संपून गेलं होतं आणि मी नुसतीच सुई चालवत होतो. ती उठून आली आणि तिनं मशीनचं बटण बंद केलं. मग माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि तिचं हसू गेलं.

"बसा तिकडं," म्हणाली. मी बाकावर बसलो. ती माझ्यासमोर खाली बसली, माझ्या लेंग्याचा पाय गुडघ्यापर्यंत वर केला आणि माझ्या गळ्यातली टेप काढून पोटरीला लावली.

"साडेचौदा."

"नीट बघ."

"साडेचौदा हाय. तुमी साडेतेरा कशानं मोजलं?"

"घरच्या टेपेनं. आबांच्या. न्हाणीजवळ खिळ्यावर असते ती."

"ती?" म्हणाली. "आवं, त्या टेपेनं मी मच्छरदाणी बांधतीया. चौथा बंद तुटला तवापास्नं. तीन वर्सं झाली."

मला हे माहीत नव्हतं. मच्छरदाणी बांधणं माझं काम नव्हतं.

तिनं घरी जाऊन ती टेप आणली. टेबलावर दोन्ही टेपा शेजारी शेजारी ताणून धरल्या. आबांची टेप जुन्या कापडी धाटणीची, रोज गाठ मारून ओढली गेलेली. साठ इंचांवर ती नव्या टेपेच्या दोन बोटं पुढं गेली होती. तिच्यावरचा चौदाचा आकडा बरोबर नव्या टेपेच्या साडेचौदापाशी आला. राहिलेला अर्धा इंच माझा होता. भीतीनं मी दर वेळी टेप थोडी जास्त आवळत गेलो होतो. एका कपड्याला दोन टेपा लावायच्या नाहीत आणि अंगावर टेप ओढायची नाही, या दोन गोष्टी आबांनी मला मिसरूड फुटायच्या आधी शिकवल्या होत्या. मरणाच्या भीतीपेक्षा त्या घडीला मला त्याची लाजच जास्त वाटली.

मग मी तिला सगळं सांगितलं. फोनवर वाचलेलं, बोळातलं चालणं, जीभ, अंगठा. ती आधी हसली, बोळातल्या चालण्यावर तर तोंडाला पदर लावून हसली. मग एकदम रडायला लागली आणि माझ्या पायावर जोरात चापट मारली. "दोन म्हैने! एकल्यानं!" ती म्हणाली. डोळे पुसले आणि थोड्या वेळानं हळूच विचारलं, "म्हणून मला कटिंग शिकवत हुता?"

"व्हय," मी म्हटलं.

तिनं दोन्ही टेपा गुंडाळून ठेवल्या.

टेप खोटी निघाली म्हणून अंगठा उडायचा थांबला नव्हता. माझी भीती पोटरीतून अंगठ्यात गेली, एवढंच. तिनं ते ओळखलं. तिच्या मते डॉक्टर म्हणावा तर सांगली-मिरजेचाच, आणि मलाही साताऱ्यात ओळखीचं कुणी भेटायला नको होतं. चार दिवसांनी आम्ही दोघं एसटीनं कराडवरून सांगलीला गेलो. कराड सोडल्यावर दोन्ही बाजूंनी ऊस तुऱ्यावर आला होता. ती खिडकीशी बसली होती आणि माझा अंगठा तिनं मुठीत धरून ठेवला होता, जसा काही तो पळून जाणार होता. गाडीतल्या एका बाईनं आमच्याकडं पाहिलं. एरवी मी हात सोडवून घेतला असता.

नसांच्या डॉक्टर मध्यमवयीन बाई होत्या. त्यांनी छोट्या हातोडीनं गुडघे, कोपरं ठोकली. तळव्यावर रेघ ओढली. जीभ पाहिली. मग म्हणाल्या, "माझा हात ढकला. जोरात." मी ढकलला. त्यांची चाकांवरची फिरती खुर्ची मागं भिंतीपर्यंत गेली. "ताकद कमी झालेल्या माणसाच्या मानानं बरंच ढकललंत," त्या म्हणाल्या. त्यानंतर पायात, हातात बारीक सुया टोचून मशीनवर तपासणी झाली. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या कपड्यांना टाचण्या टोचल्या, त्या दिवशी माझी पाळी होती.

संध्याकाळी त्यांनी कागद समोर ठेवला. "नसा ठणठणीत आहेत. तो आजार तुम्हाला नाही. शिरा उडणं आणखी काही महिने राहील, कदाचित वर्ष राहील. राहू दे. चहा किती घेता?"

मी आकडा सांगितला. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"तीन," त्या म्हणाल्या. "झोप सात तास. आणि माप घेणं बंद. आणखी काही विचारायचंय?"

"सुईत दोरा ओवला जात नाही," मी म्हटलं.

"चष्मा लावा," त्या म्हणाल्या.

बाहेर आल्यावर मी व्हरांड्यात रडलो. मोठा माणूस, भिंतीकडं तोंड करून. बायको माझ्या आणि लोकांच्या मधे उभी राहिली, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "रडा. मी हाय हितं." परतीच्या गाडीत आम्ही भडंगाची पुडी फोडली. मी एकट्यानं जवळजवळ सगळी संपवली. दोन महिन्यांनी पहिल्यांदा मला भूक लागली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात गेलो तो शीळ घालतच. शीर उडत होती, मी तिच्याकडं लक्ष दिलं नाही. टेबलावर बायकोनं सांगलीला जाण्याआधी अर्धा आखून ठेवलेला एक शर्ट होता. मी कापड सारखं केलं, खडू उचलला आणि म्हणालो, "सरक, मी करतो."

ती बाजूला झाली. आपल्या जागी जाऊन बसली आणि काजाची सुई हातात घेतली.

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. चार दिवस मी कापत होतो, शिवत होतो, गिऱ्हाइकांशी हसून बोलत होतो. शेजारच्या भांडीवाल्याला चहा पाजला, स्वतः घेतला नाही. पाचव्या दिवशी इस्त्रीवरून मी ओरडलोसुद्धा. आबांनी पेपरातून डोकं वर काढून म्हटलं, "बरा झाला वाटतं." त्यांनाही मी सगळं सांगितलं होतं. मी हसलो. ती हसली नाही.

दुपारी आबा गेल्यावर मी विचारलं, "रुसलीस काय?"

"न्हाई."

"मग बोलत का नाहीस?"

तिनं काज पूर्ण केलं, दोरा दातानं तोडला. आवाज न चढवता म्हणाली, "मला यवढंच सांगा. तुमी मरणार असला तरच माझ्या हातात कात्री यायची, व्हय?"

काहीतरी उत्तर द्यावं म्हणून मी तोंड उघडलं. दिवाळीचं काम, आबांचा नियम, कात्रीची धार. अठरा वर्षांत कुणी न विचारताच तयार होऊन बसलेली उत्तरं होती ती. पण कितीतरी दिवस मी रोज दुपारी या टेबलाशी उभा राहून तिला बघितलं होतं, आणि ती माझ्याहून चांगली आखते हे मला माझ्या पोटरीच्या मापापेक्षा पक्कं ठाऊक होतं. जगायचं ठरल्याबरोबर मी पहिली गोष्ट कुठली केली असेल तर तिच्या हातातून ते काढून घेतलं. आणि शीळ घालत घेतलं. मला माझीच शरम वाटली.

"व्हय," मी म्हटलं. "तसंच होतं माझ्या मनात."

मी खोटं बोलेन असं तिला वाटलं असावं, कारण ती दचकली. मग तिनं हातातला शर्ट मांडीवर ठेवला आणि माझ्याकडं पाहिलं. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

"मग असं करा," ती म्हणाली. "रोज दुपारनं मेल्यागत ऱ्हावा. सकाळी मग जित्तं व्हा."

मी टेबलाच्या मागून बाहेर आलो. ती उठली, पदर खोचला. आम्ही त्या चार पावलांत एकमेकांना ओलांडून गेलो. मी तिच्या जागेवर बसलो, नवा चष्मा लावला, मांडीवर शर्ट घेतला आणि काजाची सुई उचलली. अठरा वर्षं मला ते काम किरकोळ वाटत आलं होतं. माझी पहिली चार काजं तिनं संध्याकाळी उसवून टाकली.